विंचेस्टरचा पुतळा आणि मर्सियाची लेक

इंग्लंडमधल्या विंचेस्टर गावात आल्फ्रेडचा, म्हणजे वेसेक्स या दक्षिणेकडच्या जुन्या राज्याच्या राजाचा, भलामोठा पुतळा आहे. हात उंच उगारलेला, हातात तलवार. पण पातं खाली आणि मूठ वर, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला क्रूस दिसावा. १९०१ साली मोठ्या थाटामाटात तो उभा राहिला, कारण काय तर राजाला जाऊन हजार वर्षं झाली. घोटाळा एवढाच की आल्फ्रेड वारला ८९९ साली. त्या काळच्या मंडळींनी धरलेलं ९०१ हे साल पुढे चुकीचं ठरलं आणि पुतळा दोन वर्षं उशिराने जागच्या जागी राहिला.

तारखेची चूक कुणाच्याही हातून होते. त्या पुतळ्यामागची दुसरी समजूत मात्र जास्त चिवट आहे: आपसात भांडणाऱ्या अँगल आणि सॅक्सन लोकांच्या, म्हणजे अँग्लो-सॅक्सन, राज्यांना आल्फ्रेडने एक केलं आणि त्यातून इंग्लंड झालं. आल्फ्रेड उत्तरेतल्या यॉर्कचा राजा कधीच नव्हता. लंडनच्या पूर्वेला ली नदी ओलांडली की डेन लोकांशी, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या व्हायकिंगांशी, तहात ठरलेली हद्द सुरू व्हायची आणि तो मेला तेव्हा मुलुखाचा फार मोठा भाग त्यांच्याच हातात होता. यॉर्क घेतलं ते त्याच्या नातवाने, अ‍ॅथेलस्टनने, ९२७ साली. २०२७ मध्ये त्या घटनेला अकराशे वर्षं होतील. इंग्लंड नेमकं कशामुळे एक झालं, हा वाद त्या निमित्ताने पुन्हा निघेल आणि त्याबरोबर तयार उत्तरही पुढे येईल: भाषा एक, धर्म एक, शत्रू एक, मग राज्य एक व्हायचंच होतं.

मला हे उत्तर पटत नाही. आपल्याकडे इंग्रज म्हटले की विषय कंपनी सरकारपासून सुरू होतो, त्यामुळे त्यांचा देश मुळातच अखंड असणार असं आपण न बोलता धरून चालतो. प्रत्यक्षात त्या अखंडपणाला जवळजवळ शंभर वर्षं लागली, मध्ये तो दोन-तीनदा मोडला आणि तो टिकला तो मोजणीच्या, नाण्यांच्या आणि कचेऱ्यांच्या जोरावर. त्यासाठी एका जुन्या राज्याचा बळी गेला, ज्याचं नाव आज पुतळ्यांच्या गर्दीत फारसं ऐकू येत नाही.

आधी भाषा आणि धर्म घेऊ. केंट, एसेक्स, ससेक्स, वेसेक्स, मध्य भागातलं मर्सिया, ईस्ट अँग्लिया आणि उत्तरेतलं नॉर्थंब्रिया ही सात नावं पाठ्यपुस्तकात येतात. सातचा आकडा नंतरच्या लोकांनी सोयीसाठी पक्का केला. खरी राज्यं कमी-जास्त होत राहिली. बोली थोड्या वेगळ्या, पण एकमेकांचं बोलणं सहज कळेल एवढ्या जवळच्या. ५९७ साली पोपने पाठवलेला ऑगस्टीन केंटमध्ये उतरला आणि सातव्या शतकाच्या अखेरीस सगळे राजे ख्रिस्ती झालेले होते. कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर हा मूळचा आजच्या तुर्कस्तानातल्या टार्ससचा. त्याने सगळ्या राज्यांतल्या बिशपांची एकत्र सभा भरवली तेव्हा तसं करणारा एकही राजा त्या बेटावर नव्हता. ७३१ साली जॅरोच्या मठातल्या बीडने आपला मोठा इतिहास पुरा केला आणि त्यात या सगळ्या लोकांना मिळून 'इंग्लिश लोक' असं एक नाव दिलं.

म्हणजे एक भाषा, एक धर्मसंस्था, एकत्र इतिहास सांगणारा ग्रंथ, सगळं आठव्या शतकात हजर होतं. त्याने काय फरक पडला? मर्सियाच्या ऑफा राजाला कँटरबरीचा आर्चबिशप जुमानेना, तर त्याने ७८७ साली आपल्या मुलखात लिचफील्डला दुसरा आर्चबिशप बसवून घेतला. चर्च एक होतं तेही दुभंगलं. ७९८ साली त्याच्या गादीवरच्या केनवुल्फने केंटच्या बंडखोर राजाला साखळदंडात बांधून मर्सियात नेलं, त्याचे डोळे काढले आणि हात तोडले. दोघेही ख्रिस्ती, दोघेही एकाच भाषेत शिव्या देणारे. कैदी तर राजा होण्याआधी पाद्री होता. ८२५ मध्ये वेसेक्सच्या एग्बर्टने एलेनडनच्या लढाईत मर्सियाला धूळ चारली आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा धनी आता शेजारी झाला. शंभर वर्षं हेच चाललं: आज याची कुरघोडी, उद्या त्याची. आपण एकच लोक आहोत हे कळूनही एकमेकांचे हात तोडता येतात.

राहिला शत्रू. ७९३ मध्ये लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला आणि ८६५ मध्ये डेन लोकांचं मोठं सैन्य येऊन मुक्कामालाच राहिलं. संकट आलं म्हणून सगळे एक झाले, ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण तेच व्हायकिंग त्याच काळात फ्रँकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, राज्यावरही तुटून पडत होते. तिथे काय झालं? शार्लमेनचं साम्राज्य ८४३ मध्ये नातवंडांत वाटलं गेलं, ८८८ पर्यंत त्याच्या चिंध्या झाल्या आणि ९११ मध्ये एका व्हायकिंग पुढाऱ्याला सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख देऊन टाकावा लागला. तोच पुढे नॉर्मंडी. आयर्लंडला डब्लिनमध्ये ८४१ पासून व्हायकिंगांचं ठाणं होतं. तिथे १०१४ मध्ये ब्रायन बोरू हा आयरिश राजा क्लॉनटार्फला पडला आणि त्याने जमवलेली मोट सुटली. एकच शत्रू, तीन देश, तीन वेगळे शेवट. शत्रूमुळे एकी होते असं म्हणणाऱ्याने आधी फ्रान्स का फुटला ते सांगावं.

डेन लोकांनी इंग्लंडच्या बाबतीत केलं ते वेगळंच. त्यांनी वेसेक्सचे प्रतिस्पर्धी संपवले. ८६७ मध्ये नॉर्थंब्रियाचे दोन भांडणारे राजे यॉर्कच्या लढाईत एकाच दिवशी पडले. ८६९ मध्ये ईस्ट अँग्लियाचा एडमंड मारला गेला. ८७४ मध्ये मर्सियाचा बर्ग्रेड राज्य सोडून रोमला निघून गेला आणि तिथेच वारला. जुनी राजघराणी एकापाठोपाठ एक पुसली गेली आणि वेसेक्सचं तेवढं शिल्लक राहिलं. तेही थोडक्यात. ८७८ च्या जानेवारीत, नाताळचे सण संपत असताना, डेनांच्या गुथरम राजाने चिपनमवर अचानक छापा घातला आणि आल्फ्रेड मूठभर माणसांसह सॉमरसेटच्या दलदलीत पळाला. गवळणीच्या घरी भाकऱ्या करपल्याची जी गोष्ट इंग्रज मुलं ऐकतात ती याच दिवसांची; ती खूप नंतर रचली गेली आहे, पण दलदल खरी आहे. मे महिन्यात त्याने एडिंग्टनला गुथरमला हरवलं, त्याचा बाप्तिस्मा करवला आणि स्वतः त्याचा धर्मपिता झाला. त्या चार महिन्यांत राजाला एखादा ताप जरी भोवला असता तर आज आपण कदाचित कुणी वेगळीच भाषा इंग्रजी म्हणून शिकत असतो.

तेव्हा नशीब पहिलं. पण नशिबाने मोकळी जागा मिळते, राज्य मिळत नाही. ती जागा वेसेक्सने कशी भरली हे पाहायला लागलं की आल्फ्रेडच्या दरबारी बखरीवरचा विश्वास थोडा उडतो.

ही अँग्लो-सॅक्सन बखर म्हणजे सालवार नोंदी, आल्फ्रेडच्या काळात संकलित होऊन ठिकठिकाणच्या मठांत पुढे लिहिली गेलेली. बर्ग्रेड गेल्यावर डेन लोकांनी मर्सियाच्या गादीवर केओलवुल्फ नावाचा माणूस बसवला, त्याला ही बखर 'राजाचा एक मूर्ख सरदार' म्हणते. ओलीस देऊन, शपथा घेऊन शत्रूच्या तालावर नाचणारं बाहुलं. हजारेक वर्षं बहुतेकांनी हेच मान्य केलं. मग २०१५ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनजवळच्या एका शेतात धातू शोधण्याचं यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला सुमारे दोनशे चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या काही नाण्यांच्या मागच्या बाजूला दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले आहेत आणि त्यांच्या डोक्यावर पंख पसरलेली एक आकृती आहे. ठसा जुन्या रोमन नाण्यावरून उचललेला. पण गंमत पुढच्या बाजूला आहे: काही नाण्यांवर आल्फ्रेडचं नाव, काहींवर केओलवुल्फचं. हा शोध लागण्याआधी अशी दोनच नाणी माहीत होती, दोघांचं एकेक, आणि ती अपवाद म्हणून बाजूला ठेवता येत होती. इथे ती एकदम तेरा निघाली.

म्हणजे ८७० च्या दशकात वेसेक्स आणि मर्सिया एकाच धाटणीची, चांगल्या चांदीची नाणी मिळून पाडत होते आणि दोन राजे एकमेकांच्या बरोबरीने बसलेले दाखवत होते. ज्याला शेजारी बसवलं तोच पुढे 'मूर्ख सरदार' झाला, कारण तोवर वेसेक्सला शेजारी नको होता. केओलवुल्फ ८७९ च्या सुमारास नाहीसा होतो. कसा, ते बखर सांगत नाही. त्याच्या जागी मर्सियात एथेलरेड आला आणि तो राजा म्हणवून घेत नाही. ८८६ मध्ये आल्फ्रेडने लंडन घेतलं ते त्याच्याच हवाली केलं, आपली मुलगी एथेलफ्लेड त्याला दिली आणि स्वतःला 'अँग्लो-सॅक्सनांचा राजा' म्हणवून घेऊ लागला. सोयरीक, सन्मान आणि एक पायरी खाली, हे तिन्ही एका तहात.

आता ज्याच्यासाठी मी आल्फ्रेडला खरोखर मोठा मानतो ते पाहू. तलवार बाजूला ठेवा, गणित काढा.

एडिंग्टननंतर त्याने सगळ्या वेसेक्सभर तटबंदीची ठाणी उभी करायला घेतली. त्यांना 'बुर्ह' म्हणत. इंग्रजी गावांच्या नावांच्या शेवटी येणारं 'बरी' आणि 'बरो' हे त्याचंच शेपूट. या ठाण्यांची एक यादी पुढच्या पिढीतली म्हणून आपल्यापर्यंत आली आहे. तीसेक ठाणी, प्रत्येकापुढे एक आकडा. आकडा आहे 'हाइड'चा. हाइड म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन. आपल्या बिघ्यासारखं दोरीने मोजायचं क्षेत्रफळ नव्हे, सारा आणि चाकरी बसवायचं माप. यादीच्या शेवटी रीत दिली आहे: एका हाइडमागे एक माणूस, आणि तटाच्या साडेसोळा फुटांमागे चार माणसं. विंचेस्टरपुढे आकडा आहे २,४००. म्हणजे २,४०० माणसं, म्हणजे सहाशे वेळा साडेसोळा फूट, म्हणजे ९,९०० फुटांची भिंत. विंचेस्टरचा जुना रोमन तट मोजला तर लांबी याच्या अगदी जवळ भरते. कुणीतरी कारकून ती भिंत पावलांनी किंवा काठीने मोजून आला होता आणि मग आजूबाजूच्या मुलखातली कोणती शेतं तिच्या कुठल्या तुकड्याला जबाबदार ते ठरलं होतं. सगळ्या यादीची बेरीज सत्तावीस हजारांच्या आसपास जाते.

हे सगळं सुरळीत झालं असंही नाही. आल्फ्रेडचा चरित्रकार असर तक्रार करतो की लोकांनी हुकूम ऐकले नाहीत, ठाणी वेळेत बांधली नाहीत आणि शत्रू आल्यावर पस्तावले. बखरीतही एक नोंद आहे: ८९२ मध्ये डेनांचं आरमार केंटच्या किनाऱ्याला लागलं, नदीतून वर आलं, तर वाटेत एक अर्धवट ठाणं, आत थोडेसे शेतकरी. ते तिथेच संपले. मला ही नोंद त्या काळातल्या कुठल्याही विजयाच्या वर्णनापेक्षा जास्त बोलकी वाटते. विंचेस्टरच्या भिंतीचा फूट अन् फूट वाटून देणारं राज्य, आणि शंभर मैलांवर तट अपुरा टाकून घरी गेलेले मजूर, दोन्ही एकाच वेळचं. राज्य घडत असताना असंच दिसतं.

हेच तंत्र उत्तरेला नेलं आल्फ्रेडच्या मुलाने आणि मुलीने. मुलगा एडवर्ड वेसेक्सचा राजा. मुलगी एथेलफ्लेड मर्सियात. ९११ मध्ये नवरा वारल्यावर मर्सियाच्या सरदारांनी तिलाच धनीण मानलं. 'मर्सियनांची स्वामिनी' हीच तिची पदवी. ९१२ मध्ये ब्रिजनॉर्थ, ९१३ मध्ये टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड, ९१४ मध्ये वॉरिक, ९१५ मध्ये रनकॉर्न. दर उन्हाळ्याला एक-दोन ठाणी. ९१७ मध्ये तिने डर्बी घेतलं, तेव्हा वेशीच्या आत तिचे चार जवळचे सरदार पडले आणि बखरीच्या मर्सियन नोंदीत ते तिला 'प्रिय होते' असा शब्द आहे. त्या कोरड्या सालवारीत माणसाच्या मनाबद्दल काही सापडणं दुर्मीळ. ९१८ मध्ये लेस्टर न लढता मिळालं, यॉर्कच्या लोकांनीही शरण येण्याचा शब्द दिला आणि १२ जूनला ती टॅमवर्थला वारली.

पुढच्या सहा महिन्यांत काय झालं ते विंचेस्टरच्या पुतळ्याखाली कुणी लिहिणार नाही. एडवर्डने लगोलग टॅमवर्थ ताब्यात घेतलं. मर्सियाने मात्र एथेलफ्लेडच्या मुलीला, एल्फविनला, आईच्या जागी बसवलं होतं. त्या काळच्या इंग्लंडात आईमागून मुलगी राज्यावर आल्याचं दुसरं उदाहरण नाही. नाताळच्या तीन आठवडे आधी मामाने तिचे सगळे अधिकार काढून घेतले आणि तिला वेसेक्सला नेलं. बस्स. यानंतर ती बखरीत नाही. आणि ही एक ओळसुद्धा मर्सियाकडच्या नोंदीत मिळते; विंचेस्टरच्या प्रतीत एथेलफ्लेड मेली की सगळा मर्सिया एडवर्डकडे वळला, भाचीचं नावही नाही. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात आणि तिच्यामुळे राज्यं बुडाल्याच्या कथा आपल्याला तोंडपाठ आहेत. इथे भाऊबंदकीने राज्य जोडलं, म्हणून तिला एकीकरण म्हणतात.

मर्सियाने हे निमूटपणे घेतलं नाही. ९२४ मध्ये चेस्टरला वेल्शांच्या साथीने बंड झालं आणि ते मोडून एडवर्ड त्याच भागात वारला. मर्सियाने मग आपला राजा निवडला तो अ‍ॅथेलस्टन. एडवर्डचाच मुलगा, पण आत्याच्या दरबारात वाढलेला म्हणून सांगितला जाणारा. टॅमवर्थच्या किल्ल्यापाशी १९१३ साली उभारलेल्या पुतळ्यात एथेलफ्लेडच्या एका हातात तलवार आहे आणि दुसऱ्या हाताखाली हाच भाचा, पोरवयातला. वेसेक्सची पसंती दुसऱ्या भावाला होती, पण तो बापामागोमाग सोळा दिवसांत गेला. नशीब पुन्हा. राज्याभिषेकाला ९२५ चा सप्टेंबर उजाडला आणि जागा निवडली टेम्सकाठची किंग्स्टन, दोन राज्यांच्या सीमेवरची; कुणाच्या अंगणात कोण गेलं असं व्हायला नको.

९२७ चं यॉर्क आणि त्यानंतर १२ जुलैला ईमंटला उत्तरेच्या राजांनी दिलेली शपथ, हा ज्यांना वाढदिवस म्हणून साजरा करायचा आहे त्यांनी जरूर करावा. मी करणार नाही. ९३७ मध्ये ब्रुनानबुर्हला अ‍ॅथेलस्टनने स्कॉट आणि डब्लिनचे व्हायकिंग यांना एकत्र हरवलं; त्यावर कविता झाली, लढाईची जागा मात्र आजही वादात आहे. दोन वर्षांनी तो वारला आणि यॉर्क ताबडतोब हातचं गेलं. हद्द पुन्हा मध्य इंग्लंडपर्यंत खाली आली. लढाईने जोडलेलं एका मृत्यूने सुटलं आणि नॉर्थंब्रिया कायमचा यायला ९५४ उजाडलं.

माझ्या मते पाहण्यासारखं वर्ष ९५७. कारण त्या वर्षी तलवार न उपसता राज्य दोन भावांत वाटलं गेलं: टेम्सच्या दक्षिणेला एडविग, उत्तरेला एडगर. जुना वेसेक्स आणि जुना मर्सिया पुन्हा उभे राहायला याहून चांगली संधी नव्हती. पण त्या दोन वर्षांत नाणी दोन्हीकडे एडविगच्याच नावाने पाडली गेली. मुलूख वाटला, टांकसाळ वाटली नाही. ९५९ मध्ये एडविग वारला आणि एडगर सगळ्याचा राजा झाला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

त्या टांकसाळीची शिस्त अ‍ॅथेलस्टनपासूनची. त्याच्या कायद्यात म्हटलं आहे की राजाच्या सगळ्या मुलखात नाणं एकच, गावाबाहेर कुणी नाणं पाडायचं नाही, लंडनला नाणी पाडणारे आठ कारागीर, विंचेस्टरला सहा, आणि खोटं नाणं पाडणाऱ्याचा हात तोडून टांकसाळीवर टांगायचा. एडगरने ९७३ च्या सुमारास सगळी जुनी नाणी माघारी बोलावून एकाच छापाची नवी पाडली आणि पुढे दर काही वर्षांनी हेच होत राहिलं. यॉर्कच्या माणसाला घरातली चांदी बाजारात चालवायची तर दक्षिणेतल्या राजाचा ताजा चेहरा असलेलं नाणं बदलून घ्यावं लागे. राज्य रोजच्या हाताला लागतं ते असं.

दुसरं, गावपातळीवरचं न्यायालय. 'हंड्रेड' नावाचा गावांचा गट दर चार आठवड्यांनी भरायचा आणि त्याचं मोठं काम होतं गुरंचोर पकडणं. गुरांचा माग निघाला की गटाने घोड्यावर बसून मागे लागायचं. माग दुसऱ्या हंड्रेडच्या हद्दीत गेला तर तिथल्या लोकांना बोलवायचं. आपल्या गावगाड्यात जागल्याने माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या गळ्यात घालायचा, त्याच जातीची ही व्यवस्था. वर परगण्याची सभा, त्यावर राजा. आणि मर्सियाच्या जुन्या विभागण्या मोडून हे नवे परगणे ठाण्यांभोवती आखले गेले. स्टॅफर्डशायर आणि वॉरिकशायर यांची हद्द तर थेट टॅमवर्थ गावाच्या मधून गेली. मर्सियाच्या राजांची जुनी राजधानी, अर्धी या परगण्यात, अर्धी त्या. एकोणिसाव्या शतकापर्यंत ती तशीच राहिली. हे मुद्दाम झालं असं दाखवणारा कागद नाही, पण नकाशाकडे पाहून मला तरी अपघात वाटत नाही.

मग डेन वंशाच्या लोकांचं काय? इथे एडगरने शहाणपण केलं, ज्याला पुतळा मिळत नाही. त्याने हुकूम काढला की डेन लोकांनी आपले दिवाणी कायदे आपल्या मर्जीने ठरवावेत. गुरंचोरीचा नियम तेवढा सगळ्यांना सारखा. उत्तरेत हंड्रेडला 'वॅपनटेक' असं डेनांच्या भाषेतलं नावच राहिलं. राजा सॅक्सन घराण्याचा, देशाला नाव अँगल लोकांचं, यॉर्कच्या गल्ल्यांची नावं डेन. शेजारचे वेल्श तर आजही सगळ्यांना मिळून 'सॅक्सन'च म्हणतात. रक्त एक म्हणून राज्य एक, या म्हणण्याला एवढं उत्तर पुरे.

एडगरच्या मुलाने नेमकं उलट केलं. १३ नोव्हेंबर १००२ रोजी, संत ब्राइसच्या सणाच्या दिवशी, दुसऱ्या एथेलरेडने इंग्लंडातल्या डेन लोकांना मारण्याचा हुकूम दिला. ऑक्सफर्डला जीव वाचवायला लोक चर्चमध्ये शिरले, तर चर्चच पेटवलं गेलं. दोन वर्षांनी त्याच चर्चला दिलेल्या सनदेत राजा हे स्वतः सांगतो आणि मेलेल्यांना गव्हात माजलेल्या तणाची उपमा देतो. राष्ट्र शुद्ध करायला निघालेल्या या राजाचं राज्य १०१३ मध्ये डेनांच्या स्वेनने घेतलं आणि १०१६ मध्ये स्वेनचा मुलगा कनूट गादीवर बसला. १०१८ मध्ये ऑक्सफर्डलाच डेन आणि इंग्लिश यांचा समेट झाला. कोणता कायदा पाळायचा, तर एडगरचा.

त्याच साली कनूटने खंडणी गोळा केली. बखरीतला आकडा आहे ७२,००० पौंड, शिवाय एकट्या लंडनकडून १०,५००. आकडे फुगवलेले असतील, पण एवढी मागणी करता येते हे त्याला ठाऊक होतं, कारण कुठल्या परगण्यात किती हाइड हे लिहून ठेवलेलं होतं. शत्रूपासून वाचायला केलेली मोजणी शत्रूच्या कामी आली. १०६६ मध्ये पुन्हा तेच. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जला एक राजा पडला आणि नाताळात नॉर्मंडीच्या विल्यमचा राज्याभिषेक झाला. उत्तरेने पुढे उठाव केला, त्याची त्याने १०६९-७० च्या हिवाळ्यात राखरांगोळी केली, पण राज्य घ्यायला दुसरी मोठी लढाई लागली नाही. शेजारच्या वेल्सला एक राजाही नव्हता आणि एक टांकसाळही नव्हती. तिथे नॉर्मन सरदार खोऱ्याखोऱ्याने लढत राहिले आणि वेल्स पुरता पडायला १२८२-८३ उजाडलं.

१०८५ चा नाताळ विल्यमने ग्लॉस्टरला केला आणि तिथून सगळ्या परगण्यांत माणसं पाठवली: कुणाकडे किती हाइड, किती बैल, किती महसूल, हंड्रेडच्या लोकांना शपथेवर विचारून लिहून आणा. दूर उत्तरेचे परगणे त्यातून सुटले. पण दक्षिणेतल्या एका मठात बखर लिहिणारा साधू, अजूनही इंग्रजीतच लिहिणारा, भडकून नोंदवतो की एक हाइड सुटली नाही, एक बैल नाही, एक गाय नाही, एक डुक्करसुद्धा नाही. हे सांगायलाही लाज वाटते, त्याला करायला वाटली नाही.